‘बँक नको’ आणि ‘बँक नाही’ : कूटचलनाच्या एका दाव्याची चिकित्सा

१

मराठीत नकाराची दोन रूपे एकमेकांपासून स्पष्टपणे वेगळी राहिली आहेत. ‘नाही’ अभाव सांगते. ‘नको’ अनिच्छा सांगते. ‘घरात धान्य नाही’ हे वाक्य गरजवंताचे आहे, ‘घरात धान्य नको’ हे कोठार भरलेल्याचे. दोन्ही वाक्यांत धान्याचा संबंध नकारार्थीच आहे. परंतु बोलणाऱ्यांच्या परिस्थितीत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. हा भेद बोलताना कोणीही चुकत नाही. मात्र विचार व्याख्येच्या भाषेत मांडला जाऊ लागला, की तो सहज निसटतो. ‘बँकेवाचून अर्थव्यवहार’ असा शब्दप्रयोग केला म्हणजे ‘वाचून’ या शब्दयोगी अव्ययाखाली दोन्ही नकार झाकले जातात. ज्याला बँक नको तो आणि ज्याला बँक नाही तो, असे दोघेही एकाच पंक्तीला बसविले जातात.

बिटकॉइन व त्याच्या पाठोपाठ निघालेली कूटचलने यांच्याविषयी गेली पंधरा वर्षे जो सर्वांत मोठा लोकहितकारी दावा करण्यात येतो, तो याच झाकलेल्या भेदावर उभा आहे. पारंपरिक बँकांनी ज्यांना दाराबाहेर ठेवले, त्यांना ही नवी चलने अर्थव्यवहाराचे दार उघडून देतील, असा तो दावा होय. दावा क्षुल्लक नाही. जागतिक बँकेच्या २०२१ च्या पाहणीनुसार जगातील सुमारे १४० कोटी प्रौढ माणसांचे कोठल्याही बँकेत अथवा तत्सम संस्थेत खाते नव्हते. इतक्या माणसांच्या नावाने जे मागितले जाते, ते खरोखर त्यांच्याच पदरात पडते काय, हा प्रश्न अर्थशास्त्राचा आहेच. पण तो शब्दार्थाचाही आहे. प्रस्तुत विवेचनात या दाव्याची तपासणी त्याच्या मूळ संहितेपासून आरंभ करून, प्रत्यक्ष अनुभवाच्या कसोटीपर्यंत नेण्याचा प्रयत्न केला आहे.

२

मूळ संहिता म्हणजे ३१ ऑक्टोबर २००८ रोजी सातोशी नाकामोतो या टोपणनावाने प्रसृत झालेला नऊ पानांचा इंग्रजी निबंध. त्या टोपणनावामागील व्यक्ती कोण, याचा सर्वमान्य उलगडा झालेला नाही. परंतु संहितेच्या परीक्षणास त्याची आवश्यकताही नाही. काळ मात्र लक्षात घेण्याजोगा आहे. त्याच वर्षी १५ सप्टेंबरला लेहमन ब्रदर्स ही अमेरिकेतील बलाढ्य वित्तसंस्था दिवाळखोरीत निघाली होती. पुढे ३ जानेवारी २००९ रोजी या चलनाच्या वहीचे पहिले पान लिहिले गेले, तेव्हा बँकांना सरकारी मदत देण्याविषयीचा लंडनच्या ‘टाइम्स’मधील त्या दिवशीचा मथळा त्यात कोरून ठेवण्यात आला. बँकांविषयीचा रोष या चलनाच्या जन्मखुणेतच आहे, हे यावरून दिसते.

परंतु तो रोष कोणाचा? निबंध बारकाईने वाचला असता एक गोष्ट ध्यानी येते. बँकेत खाते नसलेल्या माणसाचा त्यात कोठेही उल्लेख नाही. गरिबीचा नाही, स्थलांतरित मजुराचा नाही, कर्जाचाही नाही. निबंधाची तक्रार अशी : इंटरनेटवरील व्यापारात वित्तसंस्थांना मध्यस्थ म्हणून स्वीकारावे लागते, मध्यस्थाला तंटे सोडवावे लागत असल्याने एकदा दिलेले पैसे परत फिरविले जाऊ शकतात, त्यामुळे खर्च वाढतो, लहान रकमांचे व्यवहार परवडत नाहीत आणि विक्रेत्याला ग्राहकाची नको तितकी चौकशी करावी लागते. यावर सुचविलेला उपाय असा, की विश्वासाच्या जागी गणिती पुरावा आणावा आणि झालेला व्यवहार उलटविणे अशक्यप्राय करावे, म्हणजे विक्रेत्यांचे फसवणुकीपासून रक्षण होईल. ग्राहकाच्या संरक्षणासाठी वेगळी योजना करता येईल, असे निबंधात ओझरते म्हटले आहे. तात्पर्य, या निबंधाचा नायक व्यापारी आहे. आणि तो ‘बँक नको’ म्हणणारा आहे. ‘बँक नाही’ म्हणणारा माणूस या कथेत नंतर आला. तो मूळ लेखकाने नव्हे, भाष्यकारांनी आणला.

भाष्याने संहितेत नवा अर्थ भरणे हा काही दोष नव्हे. तथापि असा अर्थ भरताना जुन्या रचनेला तो पेलतो किंवा नाही, हे पाहणे भाष्यकाराचे कर्तव्य असते. एका गरजेसाठी घडविलेले साधन दुसऱ्या गरजेच्या माणसाच्या हाती दिले, तर ते त्याच्या कामी येईल अशी आधीच ग्वाही देता येत नाही.

३

निबंधाचा खरा गाभा ‘विश्वास’ या कल्पनेच्या खंडनात आहे. या संदर्भात मराठीतील दोन शब्दांची तुलना उद्बोधक ठरेल. विश्वास ‘ठेवावा’ लागतो. खात्री ‘करून घ्यावी’ लागते. विश्वास माणसावर असतो. खात्री गोष्टीची असते. विश्वासात पुढच्या काळाची जोखीम असते, खात्रीत मागे घडलेल्याचा पडताळा असतो. नाकामोतोंची योजना विश्वासाला खात्रीचा पर्याय देते. तिच्यात ‘नाणे’ म्हणजे वस्तू नव्हे, तर एकापुढे एक गुंफलेल्या सह्यांची साखळी. कोणी कोणास किती दिले याची एक सार्वजनिक वही असते, तिच्या प्रती जगभर हजारो संगणकांवर असतात, आणि सुमारे दर दहा मिनिटांनी तिच्यात नवे पान जोडले जाते. पान जोडण्याचा मान मिळविण्यासाठी संगणकांना प्रचंड आकडेमोड करावी लागते. म्हणून जुने पान खोडणे फार महाग पडते. एकूण नाणी २ कोटी १० लाखांच्या वर जाणार नाहीत, असेही त्या रचनेने ठरवून दिले आहे. कोणाचीही ओळख न विचारता, कोणाच्याही परवानगीवाचून, चालू राहणारी ही वही बौद्धिक दृष्ट्या असामान्य निर्मिती आहे, यात शंका नाही.

सह्यांच्या साखळीवर चालणारे धन ही कल्पना मात्र या भूमीला अपरिचित नाही. हुंडी हेही एका हातातून दुसऱ्या हातात जाणारे, पाठीवर सह्या घेत पुढे सरकणारे पत्रच होते. फरक होता तो सहीच्या अर्थात. शहाजोग हुंडीचे पैसे बाजारात प्रतिष्ठा असलेल्या ‘शहा’लाच द्यावयाचे असत, आणि हुंडी चोरीची अथवा बनावट निघाली, तर ते परत करण्याची जबाबदारी त्या शहावर येत असे. म्हणजे सहीमागे माणूस उभा असे, आणि माणसामागे त्याची पत. ‘पत’ या मराठी शब्दात प्रतिष्ठा आणि उधार मिळण्याची योग्यता हे दोन अर्थ एकजीव झाले आहेत. पत असते, वाढते, राखली जाते आणि जाते. पतपेढी, पतसंस्था, पतपुरवठा हे शब्द याच कल्पनेतून झाले.

येथे कूटचलनाच्या पुरस्कर्त्यांचा आक्षेप न्यायबुद्धीने ऐकून घेतला पाहिजे. ओळखीवर चालणारी व्यवस्था ही ओळख नसलेल्यांना वगळणारी व्यवस्थाही असते. शहाजोग हुंडी शहासाठी होती. शेतमजुरासाठी किंवा त्याच्या बायकोसाठी नव्हती. बाजारातील प्रतिष्ठा जात, लिंग, वतन आणि वाडा पाहून ठरे. खुद्द ‘शहाजोग’ या शब्दाचे आजच्या मराठीत काय झाले, ते पाहण्यासारखे आहे : प्रतिष्ठिताला देय असलेल्या पत्राचे हे विशेषण आज संभावितपणाचे सोंग करणाऱ्याला लावले जाते. ‘साव’ म्हणजे सज्जन. पण ‘सावकार’ शब्द उच्चारताच शेतकऱ्याच्या डोळ्यांपुढे सज्जन उभा राहत नाही. प्रतिष्ठेच्या आधारे चालणाऱ्या अर्थव्यवहाराविषयी लोकांचा अनुभव काय होता, याची साक्ष शब्दांच्या या अर्थापकर्षात मिळते. त्यामुळे ‘कोण आहेस’ असे न विचारणारी वही ही कल्पना केवळ व्यापाऱ्याच्या सोयीची नाही, तिला एक नैतिक आकर्षणही आहे, हे मान्य केलेच पाहिजे.

प्रश्न एवढाच उरतो, की ‘कोण आहेस’ हा प्रश्न न विचारल्याने अर्थव्यवहाराची कोणती कामे साधतात आणि कोणती अडतात.

४

माणसाला अर्थसंस्थेकडून मुख्यतः चार गोष्टी हव्या असतात : पैसे पोचविणे, पैसे साठविणे, कर्ज मिळणे आणि संकटात अथवा चुकीत दाद मिळणे. दाव्याची तपासणी या चारही अंगांनी स्वतंत्रपणे व्हावयास हवी. कारण त्याचे पुरस्कर्ते पहिल्या अंगाचा पुरावा देऊन उरलेल्या तिन्हींचे श्रेय घेतात.

पैसे पोचविण्याच्या बाबतीत एल साल्वादोर या मध्य अमेरिकेतील छोट्या देशाने अवघ्या जगाच्या वतीने जणू प्रयोगच करून दाखविला. हा देश २००१ पासून अमेरिकी डॉलर वापरतो. परदेशी गेलेल्या नागरिकांनी घरी धाडलेला पैसा त्याच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या एक पंचमांशाहून अधिक भरतो. आणि तेथील बहुसंख्य लोकांना बँक नाही, असे सरकारचेच प्रतिपादन होते. दाव्याला याहून अनुकूल भूमी सापडणे कठीण. जून २०२१ मध्ये तेथे कायदा झाला आणि ७ सप्टेंबर २०२१ पासून बिटकॉइन कायदेशीर चलन बनले. कायद्याच्या सातव्या कलमाने प्रत्येक व्यावसायिकावर ते स्वीकारण्याचे बंधन घातले. सरकारने ‘चिवो’ नावाचे फोनवरील पाकीट काढले आणि ते घेणाऱ्या प्रत्येक नागरिकाला ३० डॉलर दिले.

अल्वारेझ, अर्जेन्ते आणि व्हॅन पॅटन या तीन अर्थशास्त्रज्ञांनी सुमारे १,८०० कुटुंबांची प्रत्यक्ष भेटीतून पाहणी केली. तिचे निष्कर्ष दाव्याच्या मुळावर येणारे आहेत. पाकीट घेतलेल्या बहुतेकांनी ३० डॉलर खर्च झाल्यानंतर त्याचा वापर सोडून दिला. जे वापरत राहिले, ते प्रामुख्याने तरुण, सुशिक्षित, पुरुष आणि आधीच बँकेत खाते असलेले होते. परदेशातून येणाऱ्या पैशांतील कूटचलनाच्या पाकिटांचा वाटा दोन टक्क्यांच्या आतच राहिला. शेवटी आंतरराष्ट्रीय नाणेनिधीशी झालेल्या १४० कोटी डॉलरच्या कर्जकरारानंतर जानेवारी २०२५ मध्ये कायदा बदलण्यात आला. बिटकॉइन स्वीकारण्याची सक्ती गेली आणि त्यात कर भरण्याची सोयही गेली. दार उघडले होते, उंबरठ्यावर ३० डॉलरही ठेवले होते. तरीही ज्यांना बँक नव्हती ते आत आले नाहीत. आत आले ते ज्यांना बँक होती तेच.

याच्या उलट उदाहरण केनियाचे. तेथे मार्च २००७ मध्ये, म्हणजे नाकामोतोंच्या निबंधाच्या दीड वर्ष आधी, ‘एम-पेसा’ ही साध्या फोनवरून पैसे पाठविण्याची सेवा सुरू झाली. ताव्नीत सूरी आणि विल्यम जॅक यांच्या २०१६ च्या अभ्यासानुसार या सेवेने सुमारे १ लाख ९४ हजार कुटुंबांना दारिद्र्यातून वर आणले. या सेवेत गूढलेखनाचा चमत्कार नव्हता. गावोगावचा दुकानदार रोख पैसे घेई आणि फोनवर जमा करून देई. जमा रकमेएवढा निधी बँकांत विश्वस्त खात्यांत ठेवलेला असे. म्हणजे येथे बँक नाहीशी झाली नाही. ती गल्लीतल्या दुकानापर्यंत लांबविली गेली. भारतातही २०१४ ची जनधन खाती आणि २०१६ ची यूपीआय यांनी जे साधले, ते याच जातीचे आहे. भाजीच्या गाडीवर आज चिकटविलेला चौकोनी छाप बँकेच्या खात्याकडेच बोट दाखवितो.

शिवाय एक व्यावहारिक अडचण आहे. कूटचलनाची वही परवानगी विचारत नाही हे खरे; पण त्या वहीपर्यंत पोचण्यासाठी रुपयाचे कूटचलन करावे लागते आणि किराणा भरण्यासाठी त्याचे पुन्हा रुपये करावे लागतात. हे काम विनिमय-संस्था करतात. भारतात मार्च २०२३ पासून त्या काळा पैसा प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत आहेत. त्यामुळे त्या ग्राहकाची ओळख तपासतात आणि सामान्यतः त्याचे बँक खातेच मागतात. ज्याला बँक नाही तो ज्या दारी अडला होता, नेमक्या त्याच दारी पुन्हा अडतो.

५

साठवणुकीच्या कसोटीवर स्थिती अधिक बिकट आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये एका बिटकॉइनचा भाव सुमारे ६९,००० डॉलरवर पोचला होता. वर्षभरात तो १६,००० च्या खाली आला. पुढे तो पूर्वीच्या उंचीच्याही वर गेला, हे खरे. परंतु ज्याच्याजवळ दोन महिन्यांची मिळकत शिल्लक आहे, त्याला सरासरीचा उपयोग नसतो. आजारपण भाव वर असेल त्याच दिवशी येईल, असे नाही. लोकभाषेने हे आधीच ओळखले आहे. मराठी माणूस ‘रुपये देऊन’ वस्तू घेतो. पण ‘बिटकॉइनमध्ये पैसे टाकतो’ किंवा ‘गुंतवितो’. वाक्यातला ‘पैसा’ रुपयाच राहतो, आणि बिटकॉइन जमिनीसारखे, शेअरसारखे, पैसा जेथे जातो ते स्थान बनते. भारतीय कायद्यानेही २०२२ मध्ये त्यावर ३० टक्के कर बसविताना त्याला चलन म्हटले नाही. ‘आभासी डिजिटल मालमत्ता’ म्हटले. मराठीत रूढ होत असलेला ‘कूटचलन’ हा शब्द या दृष्टीने वस्तूचे वर्णन करीत नाही, तिच्या आकांक्षेचे करतो.

डॉलरशी भाव बांधलेल्या ‘स्टेबलकॉइन’ या प्रकाराने ही उणीव भरून निघते, असे उत्तर दिले जाते. अंशतः ते बरोबर आहे. २०२३ मध्ये वर्षभरात दोनशे टक्क्यांहून अधिक भाववाढ सोसणाऱ्या अर्जेंटिनासारख्या देशात डॉलरची ही छाया हाती असणे, पेसो हाती असण्यापेक्षा निश्चित बरे. ऑक्टोबर २०२० मध्ये नायजेरियात पोलिसी अत्याचारांविरुद्धच्या आंदोलनाला मदत गोळा करणाऱ्या स्त्रियांच्या गटाचा बँकमार्ग बंद झाला, तेव्हा बिटकॉइननेच देणग्या आल्या, हेही नोंदविले पाहिजे. राज्यसंस्था अथवा बँक ज्यांच्यावर उलटते, त्यांच्यासाठी परवानगी न मागणारी वही खरोखरीची वाट ठरू शकते. दाव्यातला हा सत्यांश मोलाचा आहे आणि तो नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल.

परंतु या वाटेखालची जमीन कोणाची, हेही पाहावे लागते. मार्च २०२३ मध्ये अमेरिकेतील सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली, तेव्हा ‘यूएसडीसी’ या अग्रगण्य स्टेबलकॉइनचा भाव एका डॉलरवरून ८८ सेंटच्या आसपास घसरला. कारण त्यामागील निधीपैकी ३३० कोटी डॉलर त्याच बँकेत ठेवलेले होते. अमेरिकी सरकारने ठेवीदारांना संपूर्ण हमी दिल्यावरच तो सावरला. बँकेला पर्याय म्हणून पुढे आलेले नाणे अखेर बँकेच्याच तिजोरीत झोपलेले आढळले.

६

कर्ज हे तिसरे अंग, आणि ‘दार उघडणे’ या शब्दप्रयोगाचा खरा अर्थ येथेच कसाला लागतो. गरिबाची मूळ अडचण पैसे पाठविता येत नाहीत ही नसते. बियाणे घेण्याच्या वेळी हाती पैसे नसतात, ही असते. कूटचलनाच्या क्षेत्रात ‘विकेंद्रित वित्त’ या नावाने कर्जव्यवहारही निघाले आहेत. डिसेंबर २०१७ मध्ये आरंभ झालेल्या ‘मेकर’च्या ‘दाइ’ या नाण्याची पद्धत नमुन्यादाखल घेता येईल. तेथे शंभर डॉलर कर्जाऊ मिळविण्यासाठी किमान दीडशे डॉलरचे कूटचलन तारण ठेवावे लागे. तारणाचा भाव घसरला, की ते आपोआप विकले जाई.

ही कठोरता चालकांच्या कृपणतेतून आलेली नाही. ती रचनेचा अपरिहार्य परिणाम आहे. जी वही कर्ज घेणाऱ्याला ‘कोण आहेस’ असे विचारीत नाही, ती त्याच्या शब्दावर विसंबूही शकत नाही. आणि जो उद्या दुसरे नाव घेऊन येऊ शकतो, त्याची पत साचत नाही. म्हणून जोखीम सारी तारणावर जाते. ज्याच्याजवळ दीडशे आहेत त्यालाच शंभर मिळतात. सराफाच्या दुकानी दागिना गहाण टाकणारी बाई हाच व्यवहार पिढ्यान् पिढ्या करीत आली आहे. तिला त्यासाठी नव्या वहीची वाट पाहावी लागली नाही. विश्वास काढून टाकल्याने पैसे पोचविण्यातला मध्यस्थ काही अंशी वगळता येतो. पण कर्ज म्हणजे मुळात विश्वासच असल्यामुळे, विश्वास काढून टाकल्यावर उरते ते फक्त गहाणखत.

७

चौथे अंग दाद मागण्याचे. व्यवहार उलटविता न येणे हा या रचनेचा अभिमानाचा विषय आहे. महाराष्ट्राच्या इतिहासातील एक प्रसंग या अभिमानाकडे वेगळ्या नजरेने पाहावयास लावतो. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी सावकारांविरुद्ध उठले, आणि दंग्याचे लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरले. दंगेखोरांचा रोख मुख्यतः कशावर होता? कर्जरोख्यांवर आणि दस्तऐवजांवर. ते हिसकावून जाळण्यात आले. अक्षरशत्रू ऋणकोचा अंगठा घेऊन लिहिलेला कागद खरा की खोटा, हे ठरविण्याचे साधन त्याच्या हाती नव्हते. न्यायालय मात्र कागद पाही. १८७९ च्या दक्षिणी शेतकऱ्यांच्या मदतीच्या कायद्याने न्यायालयाला कागदाच्या मागे जाऊन देवघेवीचा सारा इतिहास तपासण्याचा अधिकार दिला. कागदावर जे आहे तेच सत्य, या तत्त्वाला तेथे मुरड पडली. वही निर्दोष असूनही व्यवहार अन्यायाचा असू शकतो, हे त्या कायद्याने मान्य केले.

न खोडता येणारी वही हे मान्य करीत नाही. नोंद कोणी बदलली नाही, एवढेच ती सिद्ध करते. नोंद करताना फसवणूक झाली होती काय, हा प्रश्न तिच्या व्याकरणातच नाही. तरीही तिचा हा बाणा सर्वांना सारखा लागू पडत नाही, हे २०१६ मध्ये दिसून आले. इथेरियमवरील ‘द डाओ’ या सामायिक निधीतून जूनमध्ये सुमारे ३६ लाख इथर लंपास झाले, तेव्हा जुलैमध्ये त्या समाजातील बहुसंख्यांनी संगनमताने वहीलाच नवा फाटा फोडून तो पैसा परत मिळविला. हानी मोठी होती आणि हानी झालेल्यांचा आवाजही मोठा होता, म्हणून न बदलणारे बदलले. जुलै २०२४ मध्ये मुंबईस्थित ‘वझीरएक्स’ या विनिमय-संस्थेतून सुमारे २३ कोटी डॉलरचे कूटचलन चोरीस गेले आणि ग्राहकांना पैसे काढणे बंद झाले. त्या लहान ग्राहकांसाठी कोणी वहीला फाटा फोडला नाही.

बँका निर्दोष आहेत, असा याचा अर्थ नव्हे. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले, तेव्हा ठेवीदारांना आरंभी सहा महिन्यांत अवघे हजार रुपये काढण्याची मुभा होती. मुंबईच्या रस्त्यावर उतरलेल्या वृद्धांचा आक्रोश खरा होता. पण त्या आक्रोशाला पत्ता होता. त्याला कोठे जाऊन उभे राहावे हे ठाऊक होते. ठेवविम्याची मर्यादा २०२० मध्ये एक लाखावरून पाच लाखांवर गेली आणि २०२१ मध्ये ती रक्कम नव्वद दिवसांत देण्याची कायद्याने तरतूद झाली, यामागे त्या अनुभवाचा वाटा होता. ज्या व्यवस्थेत चालक नाही, तिच्यात जुलमी चालक नाही, हे खरे. पण तिच्यात दारात जाऊन जाब विचारावा असेही कोणी नाही.

८

मग बँकेच्या पलीकडे दार उघडण्याचा मार्ग कोणता? सातारा जिल्ह्यातील म्हसवडचे उदाहरण या चर्चेत मार्गदर्शक आहे. चेतना गाला सिन्हा यांच्या पुढाकाराने तेथील स्त्रियांनी स्वतःची सहकारी बँक काढण्याचे ठरविले, तेव्हा रिझर्व्ह बँकेने परवाना नाकारला. प्रवर्तक स्त्रियांपैकी अनेकजणी निरक्षर होत्या, अर्जावर अंगठे होते. त्या स्त्रिया लिहावयास-वाचावयास शिकल्या, पुन्हा अर्ज केला, आणि १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. १८७५ मध्ये ज्या अंगठ्याने शेतकऱ्याला बांधून टाकले होते, त्याच अंगठ्याने १९९७ मध्ये या स्त्रियांना अडविले. आणि त्यांनी उत्तर दिले ते सहीने. येथे ‘कोण आहेस’ हा प्रश्न टाळण्यात आला नाही. त्याचे उत्तर देण्याचा हक्क मिळविण्यात आला. गावोगावच्या भिशीत आणि बचत गटांत रुजलेले सूत्रही हेच आहे : तारण नसलेल्यांनी एकमेकींची ओळख हेच तारण मानावे.

या सर्व विवेचनाचा निष्कर्ष दोन वाक्यांत सांगता येईल. ज्याला बँक नको आहे, किंवा जिच्यावर विसंबणे ज्याला धोक्याचे झाले आहे, त्याला कूटचलन एक खरी वाट देते. तिचे मूल्य कमी लेखण्याचे कारण नाही. ज्याला बँक नाही, त्याला मात्र ते काही काळ पैसे इकडून तिकडे नेण्याचे एक साधन देते, तेही बहुधा बँकेचाच उंबरा ओलांडून. त्याची बचत ते सुरक्षित करीत नाही, त्याला उधार देत नाही आणि त्याची दाद घेत नाही. या दुसऱ्या माणसाचे नाव पुढे करून पहिल्याची सोय मागणे, हा युक्तिवादातील दोष आहे.

त्या माणसाला परवानगीचीच काय ती वाण होती, असे हा दावा गृहीत धरतो. जागतिक बँकेच्या पाहणीत खाते नसण्याचे सर्वांत अधिक सांगितले गेलेले कारण वेगळेच आहे : खात्यात ठेवण्याइतके पैसे नाहीत. येथे पुन्हा ‘नाही’ आहे, ‘नको’ नाही. आणि ज्या अभावाला पैसा, पत व दाद यांची गरज आहे, त्याची भरपाई केवळ न पुसणाऱ्या वहीने होत नाही. वहीत नाव लागणे आणि बाजारात शब्द चालणे या अद्यापि दोन निराळ्या गोष्टी आहेत.